लॅपटॉपवर चालते, सर्व्हरवर अडते: एडिटरची एकच सेटिंग फाइल सगळ्या आवृत्त्यांत कशी चालवायची?

समजा, तुम्ही दहिवलीत राहता. एरवी रोज कर्जतहून लोकल पकडून ठाण्याला ऑफिसला जाता. आज पाऊस जोरात आहे, गाड्या उशिराने धावतायत, म्हणून घरूनच काम. क्लायंटच्या सर्व्हरवर एका सेवेच्या यॅमल फाइलमध्ये दोन ओळी वाढवायच्या आहेत. काम पाच मिनिटांचं. तुम्ही लॉगिन करता, सवयीची व्हिम एडिटरची सेटिंग फाइल लॅपटॉपवरून तिकडे कॉपी करता, दोन ओळी घालता आणि सेव्ह करता. एडिटर एका शब्दाने तक्रार करत नाही.

सेवा रीस्टार्ट करता आणि ती उठतच नाही.

अर्ध्या तासाने कारण सापडतं. नव्या दोन ओळींच्या सुरुवातीला स्पेसऐवजी टॅब पडलाय आणि यॅमलमध्ये इंडेंटसाठी टॅब चालत नाही. तुमच्या लॅपटॉपवर टॅबचं बटण दाबलं की आपोआप स्पेस पडतात, कारण सेटिंग फाइलमध्ये तसं लिहिलेलं आहे. सर्व्हरवर तीच फाइल होती, तरीही स्पेस पडल्या नाहीत. असं का झालं? आणि असं होऊ नये म्हणून सेटिंग फाइल कशी लिहायची? समजून घेऊया.

थोडक्यात

- एडिटरची सेटिंग फाइल म्हणजे त्या एडिटरला दिलेल्या सूचनांची यादी. प्रत्येक आवृत्तीला सगळ्या सूचना कळतातच असं नाही.
- न कळलेल्या सूचनेचं काय करायचं, हे प्रत्येक एडिटर वेगळं ठरवतो. कोणी ओरडतो, कोणी थांबतो, कोणी गप्प बसतो.
- ‘तुझी आवृत्ती कोणती’ यापेक्षा ‘तुला हे येतं का’ असं विचारणारी फाइल जास्त टिकते.
- सगळ्यात गरजेच्या सूचना साध्या, बिनअटीच्या आणि फाइलच्या सुरुवातीला ठेवा.
- फाइल दुसरीकडे नेण्याआधी तिकडचा एडिटर कोणता आहे ते पाहा.

(एक सूचना: या लेखात आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.)

सेटिंग फाइल म्हणजे नेमकं काय?

मोबाइलमध्ये सेटिंग बदलायची तर आपण स्क्रीनवरची बटणं दाबतो. प्रोग्रामर, सर्व्हर सांभाळणारे आणि संशोधक जे एडिटर वापरतात, त्यांत बहुतेक सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असतात. एडिटर सुरू होताना ती फाइल वरपासून खालपर्यंत वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो.

व्हिमची फाइल ‘.व्हिमआरसी’ नावाची असते. निओव्हिममध्ये ‘इनिट.व्हिम’ किंवा ‘इनिट.लुआ’, ईमॅक्समध्ये ‘इनिट.ईएल’, नॅनोमध्ये ‘.नॅनोआरसी’ आणि व्हीएस कोडमध्ये ‘सेटिंग्ज.जेसन’. ओळींचे क्रमांक दाखवायचे का, टॅब किती रुंद, रंग कोणते, कुठल्या बटणाने काय व्हावं, हे सगळं इथे ठरतं.

अशी फाइल एका दिवसात तयार होत नाही. कॉलेजात असताना मित्राकडून घेतलेल्या दहा ओळी, पहिल्या नोकरीत सिनियरने सांगितलेल्या पाच, मग स्वतः शोधलेल्या वीस असं करत ती वर्षानुवर्षं वाढते. फाइलमधल्या ओळी अशा वेगवेगळ्या काळातल्या असतात आणि ती वाचणारे एडिटरही.

एकाच एडिटरच्या इतक्या आवृत्त्या का भेटतात?

व्हिमचं उदाहरण घ्या. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. त्याच वळणाचा व्हिम ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा कॉम्प्युटरसाठी लोकांसमोर आणला. तेव्हापासून त्यात भर पडतच गेली. ७.४ ही आवृत्ती २०१३ ची, ८.० ही २०१६ ची, ९.० ही २०२२ ची. ऑगस्ट २०२३ मध्ये मूलेनार यांचं निधन झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांना अर्पण करण्यात आली. मध्येच, २०१४ मध्ये, व्हिमपासून फुटून ‘निओव्हिम’ हा वेगळा एडिटर सुरू झाला.

पण नवी आवृत्ती आली म्हणून सगळे लगेच तिच्याकडे वळत नाहीत. लिनक्सच्या प्रत्येक वितरणात, म्हणजे उबुंटू, डेबियन वगैरेंमध्ये, एक ठरावीक आवृत्ती येते आणि वर्षानुवर्षं तीच राहते. उबुंटू २०.०४ मध्ये व्हिम ८.१ आहे, २२.०४ मध्ये ८.२ आणि २४.०४ मध्ये ९.१. डेबियन १२ मध्ये ९.०. सेंटओएस ७ ला जून २०२४ पर्यंत आधार होता आणि त्यात शेवटपर्यंत ७.४ च होता.

सर्व्हरवर मुद्दाम जुनं ठेवण्यालाही कारण असतं. जे नीट चाललंय त्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. त्यामुळे लॅपटॉपवर ९.१ आणि सर्व्हरवर ७.४ अशी जोडी रोजच्या कामात सहज भेटते. कॉलेजच्या लॅबमध्येही तेच. दोन्ही ठिकाणी तुम्हाला तुमची नेहमीची बटणं आणि नेहमीचे रंग हवे असतात.

न कळलेली ओळ आली की एडिटर काय करतो?

आवृत्ती जुनी आहे हे एकदा कळलं की निम्मी अडचण समजते. उरलेली निम्मी असते ती चूक झाल्यावर एडिटर कसा वागतो यात. इथे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

व्हिम ओळीचा क्रमांक देऊन चूक दाखवतो आणि पुढची ओळ वाचायला लागतो. माहीत नसलेला ऑप्शन दिसला तर ‘ई५१८’, माहीत नसलेली आज्ञा दिसली तर ‘ई४९२’, माहीत नसलेलं फंक्शन दिसलं तर ‘ई११७’. तुम्ही एंटर दाबता आणि कामाला लागता. म्हणजे एक ओळ चुकली तरी बाकीची फाइल लागू होते.

ईमॅक्स थांबतो. ‘इनिट.ईएल’मध्ये विसाव्या ओळीवर चूक झाली तर एकविसाव्यापासूनचं काहीच वाचलं जात नाही. एडिटर उघडतो, पण अर्धवट सजलेला. त्यामुळे चूक एका ओळीत असली तरी परिणाम भलतीकडेच दिसतो.

नॅनो कुठल्या ओळीवर काय कळलं नाही ते सांगतो आणि पुढे जातो. पण नॅनोच्या फाइलमध्ये ‘असं असेल तर’ अशी अट लिहायची सोयच नाही. दोन आवृत्त्यांसाठी एकच फाइल हवी असेल तर दोघांना कळतील तेवढ्याच सूचना ठेवायच्या.

व्हीएस कोड अनोळखी सेटिंग दिसली तर ती फाइलमध्ये फिकट करून दाखवतो आणि सोडून देतो. काम अडत नाही, पण ती सेटिंग लागू झालेली नाही हे फाइल उघडून पाहिल्याशिवाय लक्षातही येत नाही.

ओरडणारा एडिटर त्रासदायक वाटतो, पण खरा धोका गप्प बसणाऱ्याचा असतो. दहिवलीच्या आपल्या गोष्टीत नेमकं तेच झालं. त्याकडे पुढे येऊ.

आवृत्ती विचारायची की क्षमता? कर्जत स्टेशनवरून शिका

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात, हे तिथे वडा खाल्लेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो थांबा मुळात वड्यासाठी नसतो. पुढे बोरघाट आहे, चढ ३७ ला १ इतका तीव्र. इंजिन ओढणाऱ्या गाडीला तो एकट्याने झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. त्यांनाच ‘बँकर’ म्हणतात. लोणावळ्याकडून खाली येणाऱ्या गाडीला चढायला बँकर लागत नाही. आणि २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत तर वर चढतानाही बँकर घेत नाही, कारण त्या गाडीत ओढण्याची ताकद डब्यांमध्येच वाटलेली आहे.

आता बँकर लावायचा नियम कसा लिहाल? ‘२०२३ नंतरची गाडी असेल तर बँकर नको’ असा नियम केला तर घोळ होईल. २०२३ नंतरही इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या गाड्या आहेतच आणि त्या घाटात अडकतील. नियम असा हवा: ‘ही गाडी स्वतः घाट चढू शकते का? नसेल तर बँकर लाव.’ इथे गाडीचं वय विचारून भागत नाही, तिची क्षमता विचारावी लागते.

सेटिंग फाइलमध्येही हेच तत्त्व आहे. आवृत्तीचा आकडा दोन कारणांनी फसवतो.

पहिलं कारण: नवी सोय नेहमी गोल आकड्याबरोबर येत नाही. व्हिममध्ये लाखो रंग दाखवणारा ‘टर्मगुईकलर्स’ हा ऑप्शन ७.४ च्या शेवटी शेवटी एका पॅचमध्ये आला. त्यामुळे दोन मशीनवर ‘७.४’च दिसेल, पण एकाला तो ऑप्शन कळेल आणि दुसऱ्याला नाही.

दुसरं कारण: एकच आवृत्ती वेगवेगळ्या प्रकारे बांधता येते. उबुंटूमध्ये ‘व्हिम’ नावाचं नेहमीचं पॅकेज घेतलं तर त्यात सिस्टिमच्या क्लिपबोर्डशी जोडणी नसते. ‘व्हिम-जीटीके३’ हे पॅकेज घेतलं तर ती असते. आवृत्ती दोन्हीकडे तीच, पण कॉपी-पेस्ट एकीकडे चालतं आणि एकीकडे नाही.

व्हिममध्ये हे कसं लिहायचं?

व्हिममध्ये प्रश्न विचारायला मुख्यतः दोन फंक्शन आहेत, ‘एक्झिस्ट्स’ आणि ‘हॅज’.

एखादा ऑप्शन या व्हिममध्ये खरंच चालतो का, हे विचारायचं तर त्याच्या नावाआधी अधिक चिन्ह लावतात:

इफ एक्झिस्ट्स('+टर्मगुईकलर्स')
  सेट टर्मगुईकलर्स
एंडइफ

ऑप्शन नसेल तर मधली ओळ व्हिम वाचून सोडून देतो, चूक दाखवत नाही. नावाआधी चांदणी लावली तर फंक्शन आहे का ते कळतं. विसर्गासारखी दोन टिंबं, म्हणजे कोलन, लावलं तर आज्ञा आहे का ते कळतं.

क्लिपबोर्ड किंवा पायथनसारख्या मोठ्या सोयींसाठी ‘हॅज’ आहे: हॅज('क्लिपबोर्ड'), हॅज('पायथन३'). निओव्हिममध्ये आहोत का, हे हॅज('एनव्हिम') सांगतो.

कधीकधी मात्र आकडाच विचारावा लागतो. उदाहरणार्थ, ऑप्शन जुनाच आहे, पण त्याची वागणूक मधल्या एखाद्या पॅचमध्ये बदलली. तेव्हा हॅज('पॅच-८.१.१३६५') अशा रूपात नेमका पॅच विचारता येतो. फक्त मोठी आवृत्ती हवी असेल तर ‘व्ही:व्हर्जन’ हा आकडा पाहायचा. ७.४ साठी तो ७०४ असतो, ८.२ साठी ८०२, ९.१ साठी ९०१. इथे एक चूक बरेच जण करतात. ते ‘८०२ असेल तर’ असं लिहितात. लिहायचं असतं ‘८०२ किंवा त्याहून जास्त असेल तर’. नाहीतर एडिटर अपडेट केला की चालणारी सेटिंग बंद पडते.

चूक दाबून टाकायला ‘सायलेंट!’ हा शब्दही आज्ञेआधी लावता येतो. एखाद्या रंगसंगतीसाठी तो ठीक आहे. गेली तर गेली. पण टॅब, एन्कोडिंग, बॅकअप यांसारख्या ज्या सेटिंगवर तुमच्या फाइलचं बरंवाईट अवलंबून आहे, तिथे तो लावू नका. लागू झालं नाही तर ते तुम्हाला कळायलाच हवं.

मग दहिवलीत काय बिनसलं? ‘टायनी’चा सापळा

आपल्या गोष्टीतल्या माणसाने निष्काळजीपणा केला नव्हता, उलट त्याने जास्तच काळजी घेतली होती. जुन्या व्हिमवर चुका दिसू नयेत म्हणून त्याने जवळजवळ सगळी फाइल ‘इफ’ आणि ‘एंडइफ’च्या आत टाकली होती. टॅबऐवजी स्पेस टाकणारी ‘सेट एक्सपँडटॅब’ ही ओळसुद्धा.

सर्व्हरवर मात्र पूर्ण व्हिम नव्हता. डेबियन आणि उबुंटूच्या छोट्या इन्स्टॉलेशनमध्ये ‘व्हिम-टायनी’ नावाची लहान बांधणी असते. ‘व्हीआय’ टाइप केलं की तीच उघडते. ती ‘.व्हिमआरसी’ वाचते, पण तिला अटींचा अर्थ लावता येत नाही. अट खरी की खोटी हे तिला ठरवता येत नाही, म्हणून ‘इफ’पासून ‘एंडइफ’पर्यंतचं सगळं, ‘एल्स’च्या भागासकट, ती सोडून देते. हा बिघाड नाही, तसंच ठरवलेलं आहे. आणि सोडताना ती काहीही सांगत नाही.

‘एक्सपँडटॅब’ टायनीलाही कळतो. तो अटीत ठेवायची काहीच गरज नव्हती. म्हणून फाइलची रचना अशी ठेवा:

१. सगळ्यात वर, कुठल्याही अटीशिवाय, जुन्यापासून चालत आलेले आणि नसले तर नुकसान करणारे ऑप्शन: टॅब, इंडेंट, एन्कोडिंग.
२. त्याखाली ‘एक्झिस्ट्स’ आणि ‘हॅज’च्या अटींमध्ये नव्या सोयी: रंग, क्लिपबोर्ड वगैरे.
३. शेवटी प्लगइन. तेही ‘फोल्डर सापडलं तरच’ या अटीवर.

समोर टायनी आहे की पूर्ण व्हिम, हे ओळखायला टर्मिनलमध्ये ‘व्हीआय --व्हर्जन’ टाइप करा. यादीत ‘इव्हॅल’ या शब्दाआधी अधिक चिन्ह असेल तर अटी चालतील. उणे असेल तर समजा की अटींमधलं सगळं वगळलं जाणार.

व्हिम ९ ची नवी भाषा

व्हिम ९.० बरोबर ‘व्हिम९स्क्रिप्ट’ नावाची नवी, वेगवान लिपी आली. तिच्यात लिहिलेली फाइल जुन्या व्हिमला दिली तर एक-दोन नाही, ओळीगणिक चुका येतात, कारण व्याकरणच वेगळं आहे. दोन्हीकडे चालवायचं असेल तर एक मान्य पद्धत आहे. फाइलच्या सुरुवातीला ‘व्हिम९स्क्रिप्ट येत नसेल तर’ अशी अट लिहा, तिच्यात जुन्या भाषेतली सेटिंग ठेवा आणि शेवटी ‘फिनिश’ लिहून अट बंद करा. जुना व्हिम तिथेच वाचन थांबवतो. नवा व्हिम ती अट ओलांडून खालच्या नव्या भागाकडे जातो.

पण स्वतःला एक प्रश्न विचारा: चाळीस ओळींच्या सेटिंगसाठी दोन भाषा सांभाळायची खरंच गरज आहे का? जुनी भाषा व्हिम ९ मध्येही चालते. बहुतेकांना तेवढी पुरते.

निओव्हिम: भाऊ, पण वेगळ्या घरातला

निओव्हिम आपली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये शोधतो. २०२१ मध्ये आलेल्या ०.५ आवृत्तीपासून ती लुआ भाषेत लिहायची सोय झाली. ‘इनिट.व्हिम’ आणि ‘इनिट.लुआ’ दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या तर तो तक्रार करतो. एकच ठेवायची.

दोन्ही एडिटर वापरणाऱ्यांसाठी सोपी युक्ती अशी: दोघांना कळणाऱ्या सूचना एका तिसऱ्या फाइलमध्ये ठेवा आणि दोन्हीकडून ती ‘सोर्स’ करा, म्हणजे वाचायला सांगा. निओव्हिमच्या आवृत्त्या एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या आहेत. तिथे नावंसुद्धा बदलतात. २०२४ च्या ०.१० मध्ये ‘व्हिम.लूप’चं नाव ‘व्हिम.यूव्ही’ झालं. लुआमध्ये ‘व्हिम.यूव्ही ऑर व्हिम.लूप’ असं लिहिलं की नवं नाव असेल तर ते घेतलं जातं, नसेल तर जुनं. इथेही आकडा विचारलेला नाही, फक्त ‘तुझ्याकडे आहे का’ एवढंच विचारलंय.

ईमॅक्समध्ये काय करायचं?

ईमॅक्स चुकीवर थांबतो, म्हणून तिथे आधी विचारणं जास्त महत्त्वाचं. फंक्शन आहे का हे ‘एफबाउंडपी’ सांगतो, व्हेरिएबल आहे का हे ‘बाउंडपी’.

ओळींच्या क्रमांकांचं उदाहरण बोलकं आहे. २०१८ च्या ईमॅक्स २६ मध्ये ‘डिस्प्ले-लाइन-नंबर्स-मोड’ ही वेगवान सोय आली. त्याआधी ‘लिनम-मोड’ होता, तो २९ मध्ये कालबाह्य ठरवला गेला. फाइलमध्ये ‘पहिलं फंक्शन असेल तर ते सुरू कर, नाहीतर दुसरं’ असं लिहिलं की दोन्ही पिढ्या खूश.

दुसरी गोष्ट प्लगइनची. ‘यूज-पॅकेज’ हे लोकप्रिय साधन २०२३ च्या ईमॅक्स २९ पासून सोबतच येतं. त्याआधी ते वेगळं घ्यावं लागे. नव्या लॅपटॉपवर लिहिलेली फाइल उबुंटू २२.०४ च्या ईमॅक्स २७.१ वर पहिल्याच ‘यूज-पॅकेज’शी अडते आणि खालचं सगळं राहून जातं. उपाय: ‘रिक्वायर’ला शेवटी ‘निल टी’ द्या, म्हणजे साधन सापडलं नाही तरी चूक होत नाही, फक्त ‘नाही’ असं उत्तर येतं. त्या उत्तरावर अट बांधा.

मराठी लिहिणाऱ्यांनी काय जपायचं?

सेटिंग न लागल्याने टॅब चुकला तर सेवा बंद पडते. एन्कोडिंग चुकलं तर मजकूरच जाऊ शकतो.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘दहिवली’ या शब्दात ६ चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट. एडिटरने ते दुसऱ्या एन्कोडिंगचे समजून वाचले तर चित्रविचित्र अक्षरं दिसतात. इथवर मजकूर सुरक्षित असतो. एन्कोडिंग सुधारून पुन्हा उघडलं की तो परत दिसतो. पण मराठी अक्षरं नसलेल्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलं तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

विंडोजच्या नोटपॅडमध्ये हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपर्यंत नोटपॅड नवी फाइल आपणहून ‘एएनएसआय’मध्ये सेव्ह करायला बघायचा. त्यानंतर यूटीएफ-८ झालं. जुन्या मशीनवर मराठी फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगचा रकाना स्वतः तपासा आणि आलेला इशारा न वाचता ‘ओके’ दाबू नका.

व्हिममध्ये ‘सेट एन्कोडिंग=यूटीएफ-८’ ही ओळ अगदी वर, अटीशिवाय ठेवा. निओव्हिममध्ये ते आधीच ठरलेलं असतं. सेटिंग फाइलमध्येच मराठी असेल, म्हणजे ‘मरा’ टाइप केलं की ‘महाराष्ट्र’ उमटावं अशी शॉर्टकट असतील, तर त्याखाली ‘स्क्रिप्टएन्कोडिंग यूटीएफ-८’ही लिहा.

अक्षरं दिसण्यातही आवृत्तीचा फरक पडतो. ईमॅक्स २७ पासून जोडाक्षरं जुळवायला ‘हार्फबझ’ ही यंत्रणा वापरतो आणि त्यात इनस्क्रिप्ट कीबोर्डची सोयही आहे. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या व्हिममध्ये मात्र जोडाक्षरं कशी दिसतील ते टर्मिनलवर अवलंबून असतं. तिथे ‘र्ज’ तुटलेला दिसला म्हणून फाइल बिघडली असं समजू नका.

आणखी एक लपलेला फरक ओळीच्या शेवटाचा. विंडोज ओळ संपवताना दोन अदृश्य चिन्हं टाकतो, लिनक्स एकच. विंडोजवर लिहिलेली ‘.व्हिमआरसी’ लिनक्सवर नेली की जवळजवळ प्रत्येक ओळीवर चूक येते आणि चुकीच्या शेवटी ‘^एम’ दिसतं. सूचना बरोबर असतात, त्यांना चिकटलेलं जादा चिन्ह नको असतं. लिनक्सवर ती फाइल व्हिममध्ये उघडून ‘सेट फाइलफॉरमॅट=युनिक्स’ करून सेव्ह केली की काम झालं.

वेगवेगळे एडिटर वापरणारी टीम असेल तर?

एकाकडे व्हिम, दुसऱ्याकडे व्हीएस कोड, तिसऱ्याकडे आणखी काही. अशा वेळी टॅब की स्पेस, एन्कोडिंग कोणतं, ओळीचा शेवट कोणता, हे प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘.एडिटरकॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. निओव्हिम ०.९ पासून ती आपणहून वाचतो, व्हीएस कोडला त्यासाठी एक्स्टेंशन लागतं. यॅमलसाठी ‘स्पेसच वापरा’ हे तिथे एकदा लिहिलं की ते कुणा एकाच्या लॅपटॉपवर अवलंबून राहत नाही.

फाइल बिघडली तर शोधायचं कसं?

आधी दोष फाइलचा की एडिटरचा ते ठरवा. व्हिम ‘-यू नन’ देऊन उघडला की कुठलीच सेटिंग फाइल वाचत नाही. ईमॅक्ससाठी ‘-क्यू’ आहे. असं उघडल्यावर अडचण गेली तर दोष तुमच्या फाइलमध्ये आहे.

मग निम्मी फाइल कॉमेंट करून पाहा. चूक गेली तर ती त्या निम्म्यात, राहिली तर दुसऱ्या निम्म्यात. पुन्हा त्या भागाचे दोन भाग करा. १०० ओळींची फाइल असली तरी जास्तीत जास्त ७ वेळा असं केलं की नेमकी ओळ सापडते. ईमॅक्समध्ये ‘--डीबग-इनिट’ दिलं तर तो स्वतःच चुकीची जागा दाखवतो.

एखादी सेटिंग लागू झाली का, हे व्हिमला थेट विचारता येतं. ‘सेट एक्सपँडटॅब?’ असं शेवटी प्रश्नचिन्ह देऊन टाइप करा. उत्तर ‘नोएक्सपँडटॅब’ आलं तर थांबा. आपल्या गोष्टीतल्या माणसाचा अर्धा तास या एका ओळीने वाचला असता.

दुसऱ्याची फाइल घेताना

इंटरनेटवर हजारो तयार सेटिंग फाइली मिळतात. त्यातून शिकावं, पण आंधळेपणाने पूर्ण फाइल उचलू नये. व्हिम आणि ईमॅक्सची सेटिंग फाइल हा एक प्रोग्रामच असतो, तो तुमच्या मशीनवर कुठलीही आज्ञा चालवू शकतो. धोका फक्त सेटिंग फाइलपुरताही नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ‘मोडलाइन’ नावाची सेटिंगची ओळ लिहिता येते. २०१९ मध्ये त्यातली एक त्रुटी उघड झाली होती. व्हिम ८.१.१३६५ आणि निओव्हिम ०.३.६ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये, मुद्दाम रचलेली फाइल नुसती उघडली तरी तिच्यातली आज्ञा चालवली जाऊ शकत होती. आवृत्ती जुनी ठेवण्याची किंमत फक्त नव्या सोयींची नसते, ती अशीही मोजावी लागते. फार जुना व्हिम असलेल्या सर्व्हरवर ‘सेट नोमोडलाइन’ ही ओळ वरच्या, बिनअटीच्या भागात ठेवावी.

स्वतःची फाइल मात्र गिटमध्ये ठेवा. कधी काय बदललं ते कळतं आणि जुनं रूप परत आणता येतं. पासवर्ड आणि क्लायंटच्या सर्व्हरचे पत्ते तिच्यात लिहू नका. ते त्या त्या मशीनवरच्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवा आणि ‘ती फाइल असेल तरच वाच’ अशी अट मुख्य फाइलमध्ये घाला.

शेवटी, सर्व्हरवर जाण्याआधीची तीन कामं

१. ‘--व्हर्जन’ देऊन तिकडचा एडिटर कोणता, कोणत्या बांधणीचा, ते पाहा.
२. फाइल उघडल्यावर टॅब आणि एन्कोडिंग लागू झालंय का, ते प्रश्नचिन्ह लावून विचारा.
३. सर्व्हर दुसऱ्याचा असेल आणि काम दोन ओळींचं असेल, तर आपली फाइल तिकडे नेऊच नका. गरजेचे दोन ऑप्शन हातानेच टाइप करा.

तिसरा मुद्दा सगळ्यात आधी विसरला जातो. बँकर इंजिन घाट संपल्यावर गाडीपासून सुटतं, पुण्यापर्यंत जात नाही. सेटिंगचंही तसंच ठेवा: जिथे लागेल तिथे, लागेल तेवढंच.